हनुवटीचा कैवार

अष्टागरापासून श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या किनारपट्टीवर अलीकडे एक वाद मोठ्या हिरिरीने चालतो. विषय राजकारणाचा नाही, सुपारीच्या भावाचा नाही की पापलेटच्या दुष्काळाचाही नाही. मोटारसायकलवर बसताना डोक्यावर कोणत्या जातीचे हेल्मेट घालावे, हा तो विषय. एक पक्ष म्हणतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसंध कवच असलेले, ज्याला दुकानदार ‘फुल फेस’ म्हणतात, ते घ्यावे. दुसरा म्हणतो, ज्याचा हनुवटीकडचा भाग बिजागरीवर फिरून कपाळावर जातो, ते ‘फ्लिप-अप’ घ्यावे. या दुसऱ्या प्रकाराला मी माझ्यापुरते ‘उघडमिटे’ असे नाव ठेवले आहे आणि या लेखात तेच वापरणार आहे. तिसराही एक पक्ष आहे. हा पक्ष हेल्मेट आरशाला किंवा कोपराला अडकवतो आणि नाक्यावर वाहतूक पोलीस दिसताच ते डोक्यावर ठेवतो. संख्येने तोच सर्वांत मोठा आहे. त्याचा समाचार शेवटी घेईन.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराने या भानगडीत का पडावे, असे दिवाळी अंकाच्या वाचकाला वाटणे साहजिक आहे. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेलेली नाही. यंत्रशास्त्रातला पंडित म्हणवून घेण्याची मला हौसही नाही. परंतु मी रोज मोटारसायकलने शाळेत जातो-येतो, आणि ज्यांच्याकडून मी पाढे घोकून घेतले ती मुले आता मिसरूड फुटल्यावर माझ्या शेजारून भरधाव निघून जातात. त्यांची तोंडे माझ्या ओळखीची आहेत. ती आहेत तशीच राहावीत, हा माझा स्वार्थ. तेव्हा या वादात मी तटस्थ नाही. मी फुल फेसच्या बाजूचा आहे, आणि उघडमिट्याच्या कैवाऱ्यांचे एकूण एक मुद्दे ऐकून घेतल्यावरच आहे.

प्रथम थोडी वंशावळ पाहू. हेल्मेट हे आधी कवटीचे टोपण होते. १९३५ साली इंग्लंडात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स उघड्या डोक्याने मोटारसायकलवरून पडला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. त्याने पुढे लष्करातल्या निरोप्या स्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास केला आणि हेल्मेटने जीव वाचतो हे १९४१ साली प्रसिद्ध करून सांगितले. तोपर्यंत चिंता होती ती कवटीची. तोंड उघडेच होते. हनुवटी झाकणारे हेल्मेट अमेरिकेतल्या बेल कंपनीने साठीच्या दशकात आणले, आणि १९६८ साली डॅन गर्नी ते घालून न्यूर्बुर्गरिंगच्या मोटारशर्यतीत उतरला. उघडमिटे त्यानंतरचे, जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूने १९८१ साली आपले तसले हेल्मेट बाजारात आणले. म्हणजे माणसाने आधी कवटी झाकली, मग अनुभवाने हनुवटी झाकली, आणि मग सोयीसाठी ती पुन्हा उघडण्याची युक्ती काढली. या तिसऱ्या पावलाला प्रगती म्हणायचे की नाही, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे.

मराठी भाषेला या प्रश्नाचे उत्तर मोटारसायकल जन्माला येण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. माणूस फसला, की आपण म्हणतो तो तोंडघशी पडला. कवटीघशी पडला असे कोणी म्हणत नाही. धावता माणूस अडखळला की पुढे कोसळतो आणि त्याचे तोंड आधी भुईला लागते, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. दुचाकीचे निराळे काय होते? पुढचे चाक खड्ड्यात अडकते, गाडी जागीच थबकते, आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. हात जमिनीला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. हनुवटी मात्र वेळेवर पोहोचते.

ज्यांना भाषेचा पुरावा पुरत नाही त्यांच्यासाठी मोजमापाचा पुरावाही आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर येथे डिटमार ओट्टे या संशोधकाने अपघातात सापडलेली हेल्मेटे तपासून, आघात नेमका कोठे बसला याचा नकाशाच मांडला. त्या नकाशात सुमारे एक-तृतीयांश आघात हनुवटीच्या पट्ट्यावर आहेत. माथ्याचा जो भाग आपण सर्वांत आधी झाकतो, तेथे त्या मानाने फारच थोडे. म्हणजे तोंड उघडे ठेवणारे हेल्मेट घालणे हे तीन भिंतींचे घर बांधून चौथ्या बाजूला पडदा लावण्यासारखे आहे, आणि चोर नेमका त्याच बाजूने येतो.

आणि ज्याला पुस्तकांचाच कंटाळा असेल त्याने आपल्या गावच्या मारुतीच्या देवळात जाऊन यावे. हनू म्हणजे जबडा. बाळपणी सूर्याकडे झेप घेणाऱ्या त्या वायुपुत्राला इंद्राने वज्र मारले. ते हनुवटीवर बसले, ती भंगली, आणि त्यावरून त्याचे नाव हनुमान पडले. भरधाव निघालेल्याला आघात होतो तो कोठे, हे ज्या देवाच्या नावातच कोरलेले आहे त्याच्या पाया पडून निघायचे आणि वेशीबाहेर गेल्यावर हनुवटीवरचे कवच कपाळावर चढवायचे, ही भक्ती मला समजत नाही. तो चिरंजीव होता. आपण नाही.

आता वेगाचा हिशेब करू. वर्गात मी तो नारळाने शिकवतो. १५ मीटर उंच माडावरून नारळ सुटला, तर वाऱ्याचा अडथळा सोडून, भुईला लागताना त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या थोडा वरच असतो. नारळ पाडताना माडाखाली उभे राहायला आमच्याकडचे शेंबडे पोरही तयार होत नाही. तेच पोर मोठे झाले की रोज ताशी ६० च्या वेगाने स्वतःच नारळ होऊन रस्त्यावर सुटते. रस्ताही कसा? एका अंगाला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला माडाचे बुंधे किंवा समुद्र, मध्ये पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल आणि ओल्या डांबरावर ऐसपैस बसलेली गुरे. ‘आम्ही काय शर्यतीत धावतो काय?’ असे मला विचारतात. बाबांनो, शर्यतीच्या मैदानावर पडणाऱ्याला घसरायला मोकळी जागा ठेवलेली असते, आणि तरीही तिथला एकही स्वार उघडमिटे घालून उतरत नाही. तुम्हाला तर चौल ते रेवदंडा घसरायला हातभर जागा नाही.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा जीव गुदमरण्याचा. आमच्या हवेत एप्रिल-मे महिन्यांत घामाच्या धारा लागतात, हे मला सांगायला नको. मी याच दमट हवेत वाढलो. फुल फेसमध्ये गरम होते, हे अगदी खरे. परंतु याच किनाऱ्यावर मुली ओढणी अशी गुंडाळतात की डोळ्यांखेरीज काही दिसत नाही, आणि मुलगे उन्हापासून वाचण्यासाठी रुमाल नाकावरून कानामागे बांधतात. धूळ आणि रंग काळवंडण्याची भीती यांच्यापायी तोंड झाकले तर जीव गुदमरत नाही. जबडा वाचवण्यासाठी झाकले की मात्र गुदमरतो! फुल फेसला पुढून वारा घेणारी भोके असतात, काच बोटभर उघडी ठेवता येते, आत धुतलेला सुती रुमाल बांधता येतो. एवढे करूनही गरम होईल. ते सोसावे. भाताची लावणी करताना कंबर दुखते म्हणून कोणी उभ्याने लावणी करीत नाही.

दुसरा मुद्दा चष्म्याचा. हा मला जवळचा, कारण मीही चष्मा लावतो. उघडमिट्यात चष्मा न काढता डोके घालता येते, हे कबूल. फुल फेसवाल्याला चष्मा काढावा लागतो, हेल्मेट चढवावे लागते, काच वर करून चष्म्याच्या काड्या कानावर सरकवाव्या लागतात. याला माझ्या घड्याळाने अर्धा मिनिट लागतो. अर्ध्या मिनिटाची बचत ही जबड्याची किंमत होऊ शकत नाही. चष्म्यावर वाफ धरते म्हणावे, तर ती बंद केलेल्या उघडमिट्यातही धरते. आणि ज्याच्यात धरत नाही ते उघडे असते.

तिसरा मुद्दा खास आमच्या गावांतला, शिष्टाचाराचा. वाटेत वडीलधारे भेटतात. तोंड झाकून त्यांच्या पुढून गेले की ‘कोण हा मस्तवाल?’ असे होते. उघडमिट्याचा पडदा वर केला की ओळख पटते, ‘कुठे निघालास?’ ‘अलिबागला’ एवढे बोलणे होते, कोणाचा मान जात नाही. हा मुद्दा मला गोड वाटतो. त्यात माणुसकी आहे. पण चालत्या गाडीवरून एका हाताने हेल्मेट उघडून केलेला नमस्कार हा कसला नमस्कार? आमचे आजोबा बैलगाडीतून खाली उतरून रामराम करीत. मान द्यायचा असेल तर गाडी बाजूला घ्यावी, थांबावी, हेल्मेट पुरते काढावे आणि दोन शब्द बोलावे. तेवढी सवड नसेल तर हॉर्न वाजवून पुढे जावे. काका समजून घेतील. तुम्ही जबडा फोडून घरी आलात, तर समाचाराला येणारे पहिले तेच असतील.

चौथा मुद्दा सर्वांत वजनदार, आणि त्याला मी टाळीबाज उत्तर देणार नाही. ते म्हणतात, अपघात झाल्यावर उघडमिट्याचा पुढचा भाग उचलता येतो. जखमीचे तोंड मोकळे होते, श्वास चालतो की नाही ते पाहता येते, मानेला धक्का कमी लागतो. हे खरे आहे. मदतीला येणाऱ्याचे काम त्याने सोपे होते. मात्र हा लाभ मिळतो तो बंद उघडमिटे घालून पडणाऱ्याला. उघडे ठेवून पडणाऱ्याच्या बाबतीत ‘तोंड मोकळे करण्या’चे काम रस्त्याने आधीच केलेले असते. शिवाय फुल फेसची काच वर करून श्वास पाहता येतो. तो काढायची वेळ आलीच तर दोघांनी काढायचा असतो: एकाने मान आणि जबडा खालून स्थिर धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी ताणून हलकेच सरकवायचे. एकट्याने जखमीचे हेल्मेट खेचू नये, मग ते कोणत्याही जातीचे असो. एवढी गोष्ट आमच्या प्रत्येक शाळेत दहावीपूर्वी शिकवली गेली तर या चौथ्या मुद्द्याचे वजन निम्मे उतरेल.

हे झाले बोलून दाखवायचे मुद्दे. न बोलता मनात ठेवायचे दोन आहेत, आणि माझ्या मते खरे तेच. एक, उघडमिटे वर करून पिंक टाकता येते. गुटखा, मावा, पान, जे काही गालात असेल ते चालत्या गाडीवरून रस्त्याला अर्पण करता येते. दुसरा, उघड्या तोंडाने मोबाईल कानात खुपसून बोलता येते. आमच्या साळावच्या पुलावर संध्याकाळी उभे राहावे आणि पाहावे: ज्याचे उघडमिटे कपाळावर चढलेले आहे त्याच्या गालात काहीतरी आहे, नाहीतर कानात. चष्मा बिचारा उगीच बदनाम!

आता यंत्राची गोष्ट. फुल फेसचे कवच एकसंध असते. हनुवटीवर आघात झाला की तो सगळ्या कवचात पसरतो आणि आतला फेसाचा जाड थर चेपला जाऊन तो पचवतो. उघडमिट्याच्या हनुवटीवर आघात झाला की सगळा भार दोन बिजागऱ्या आणि दोन खटक्यांवर येतो. ते टिकले तर हनुवटी टिकली. ब्रिटनच्या सरकारने २००७ पासून ‘शार्प’ नावाची योजना चालवली आहे. ती हेल्मेटांना एक ते पाच तारे देते, आणि उघडमिट्यांच्या बाबतीत आदळण्याच्या चाचण्यांत पुढचा भाग किती वेळा मिटलेला राहिला याचा टक्का वेगळा छापते. हा टक्का प्रत्येक उघडमिट्याचा शंभर येत नाही. फुल फेसला असला टक्का छापावाच लागत नाही, कारण उघडण्यासारखे तेथे काही नसतेच. त्यातून उघडमिट्याला बिजागरी-खटक्यांचे शे-दोनशे ग्रॅम वजन जास्त. आणि पुढचा भाग वर केला की ते सगळे कपाळावर चढते, वारा त्याला शिडासारखे पकडतो आणि मान मागे ओढली जाते. शीड होडीला शोभते.

आणि आमच्या हवेचे काय? मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत वाऱ्यात मीठ असते. दाराच्या कड्या, सायकलीची साखळी, खिडकीचे गज, पत्र्याचे खिळे, सगळे दोन पावसाळ्यांत तांबडे होते. येथे कुलपालासुद्धा दर महिन्याला तेल पाजावे लागते. काशीदच्या किनाऱ्याला लागून जाणाऱ्या रस्त्यावर खारा तुषार तोंडावर उडतो. अशा हवेत बारीक स्प्रिंग आणि लोखंडी खटक्याच्या भरवशावर जबडा ठेवायचा असेल, तर तो खटका दर आठवड्याला पुसणारा, तपासणारा, तेल देणारा माणूस पाहिजे. असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. वाळूचा एक कण खटक्यात अडकला तरी तो पुरता मिटत नाही, आणि मिटल्याचा आवाज मात्र होतो. पैशाचा हिशेबही याच बाजूने लागतो. हजार-दीड हजारांत आयएसआय शिक्क्याचे साधे, दणकट फुल फेस मिळते. त्याच रकमेच्या उघडमिट्यात बिजागरीचा खर्च कोठून काढलेला असेल, हे ज्याने त्याने ताडावे. आपल्या सीमाभागातल्या बेळगावला हेल्मेटे बनवणारा व्हेगाचा कारखाना आहे. म्हणजे हे शिरस्त्राण मराठी मुलखाला परके नाही, परकी आहे ती ते घालण्याची सवय.

माझा एक माजी विद्यार्थी आहे. त्याचे नाव-गाव सांगत नाही. शाळेत गणितात तो यथातथाच होता, पण गळा असा, की गुरुवारी प्रार्थना त्याने म्हटली की शेजारच्या बागेत शिंपणे करणारा माळीही थांबे. पुढे तो गावच्या भजनी मंडळाचा मुख्य गायक झाला. हेल्मेट घालीत असे. उघडमिटे, बऱ्यापैकी किमतीचे, आणि पुढचा भाग वर केलेला. एका श्रावणात, भजनाहून परतताना, वळणावर बसलेली म्हैस त्याला दिसली नाही. कवटीला ओरखडाही नव्हता. हेल्मेटने तेवढे काम चोख केले. जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे दात गेले, ओठ फाटला. सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेने आवळून बांधले होते आणि त्याची आई नळीने पेज पाजीत होती. तो जगला, बायकोमुलांत आहे, कामधंदा करतो. भजनाला येतोही, पण मागे बसून टाळ वाजवतो. ‘प’ आणि ‘फ’ त्याच्या ओठांतून नीट निघत नाहीत, आणि विठ्ठलाचे नाव पांडुरंग आहे. ‘जीव वाचला ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्यांना मी एकदा त्या भजनाला घेऊन जाणार आहे. जीव वाचणे आणि माणूस वाचणे यांत जे अंतर आहे ते हनुवटीच्या पट्ट्याएवढे आहे.

न्यायासाठी उघडमिट्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. युरोपातल्या नियमाप्रमाणे उघडमिट्यावर ‘पी’ आणि ‘जे’ अशी अक्षरे छापतात. ‘जे’ म्हणजे हनुवटी उघडी असलेले. ‘पी’ म्हणजे हनुवटीचे संरक्षण करणारे. ज्यावर दोन्ही अक्षरे आहेत ते दोन्ही रीतींनी कसोटीला उतरलेले असते. असे हेल्मेट ज्याने विकत घेतले, खटका जपला, आणि गाडी चालू असताना ते कधी उघडले नाही, त्याच्याशी माझे भांडण नाही. तिकडच्या वाहतूक पोलिसांना तासाला दहा माणसांशी बोलावे लागते; त्यांना ते सोयीचे पडते. पण असा शिस्तीचा माणूस आमच्याकडे शंभरांत किती, हे प्रत्येकाने मुरूडच्या रस्त्यावर स्वतः मोजावे. उघडता येणारी वस्तू आपल्या हातात उघडीच राहते. शाळेचे फाटक आणि पाण्याचा नळ यांचा अनुभव मास्तराला असतो.

आता तो तिसरा पक्ष, आरशाला हेल्मेट लटकवणारा. तो आमचा वाद ऐकून खुशीत असतो. ‘तुम्ही फुल की अर्धे ते ठरवा, आम्ही तोवर तसेच जातो.’ त्याला मी आकडे सांगतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते, आणि त्या ५०,०२९ मध्ये १४,३३७ हे मागे बसलेले होते. मागे बसणारे म्हणजे कोण? कोणाची बायको, कोणाची आई, कोणाचा शाळेतला भाऊ. त्यांनी गाडी चालवलेली नाही, ब्रेक चुकवलेला नाही. ते फक्त विश्वासाने बसले होते. पुण्यासारख्या विद्वानांच्या शहरात २०१९ च्या आरंभी हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चा निघाला. डोके आमचे आहे, ते फोडायचे की राखायचे ते आम्ही ठरवू, असा एकंदर युक्तिवाद. डोके तुमचे असेल. पेज पाजणारी आई कोणाची?

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली. पगडी बांधणारे शीख सोडले तर चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालासुद्धा, हेल्मेट हवे, आणि ते पट्ट्याने नीट बांधलेले हवे. न घातल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, असे लिहिले आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून नऊ महिन्यांपुढच्या तान्ह्यांनाही हेल्मेट घालण्याचा नियम आहे, आणि चार वर्षांखालील मूल गाडीवर असताना वेग ताशी ४० च्या वर नेता येत नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय शिक्का नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणे बंद आहे. इतके सगळे असूनही उघड्या तोंडाच्या हेल्मेटावर शिक्का मिळतो आणि त्यावर कायद्याचे समाधान होते. कायदा कवटीपाशी थांबतो. हनुवटी त्याने आपल्या शहाणपणावर सोडली आहे, आणि म्हणूनच हा लेख.

माझ्या शाळेच्या फाटकापाशी रोज सकाळी मी एक चित्र पाहतो. बाप येतो; डोक्यावर फुल फेस, काच काळी. पुढे टाकीवर पाच-सहा वर्षांचे पोर, बोडके, हँडल धरून. मागे आई, तीही बोडकी, मांडीवर दप्तर. म्हणजे घरात हेल्मेट एक, आणि ते मिळवत्याच्या डोक्यावर! पोर पुढे असल्यामुळे गाडी थबकली तर आधी आदळणार तेच. फुल फेसची बाजू मांडताना मला या बापाचा अभिमान वाटावा, तर तसे होत नाही. स्वतःच्या हनुवटीची काळजी वाहणाऱ्याने पोराच्या हनुवटीकडे पाहू नये, हे फुल फेसवाल्यांच्या पक्षाला लागलेले लांच्छन आहे, आणि ते पुसल्याखेरीज उघडमिटेवाल्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

‘मर्दाला हेल्मेट कशाला?’ असे म्हणणारे वीर आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या गाड्यांवर महाराजांचे चित्र असते. १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले, याचा त्यांना अभिमान आहे आणि तो असावा. पण १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगात चिलखत आणि डोक्यावर, वरच्या वस्त्राखाली, लोखंडी टोप घातला होता. त्यांच्यापेक्षा अधिक मर्द कोणी असेल तर त्याने बोडके फिरावे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत एवढे करा. दुकानात जाल तेव्हा रंग आणि चित्रे पाहू नका. हेल्मेट उलटे धरून हनुवटीच्या पट्ट्यात आतून बोट घाला. तेथेही फेसाचा थर आहे ना ते पाहा, कारण काही फुल फेस बाहेरून पूर्ण आणि आतून पोकळ असतात. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा बांधून, मागच्या कडेला धरून ते पुढे उलथवून पाहा. निघाले तर ते तुमच्या मापाचे नाही. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नका. आणि जितकी माणसे गाडीवर बसतात तितकी हेल्मेटे घरात असू द्या. भाऊबीजेला बहिणीने ओवाळणीत दुसरे काही न मागता, तिला आणायला येणाऱ्या भावाकडून एवढेच वचन घ्यावे, की तिच्यासाठी आणलेले हेल्मेटही हनुवटीपर्यंतचे असेल.

उघडमिटे ज्यांच्या घरी आहे त्यांनी ते फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. खटक्याला आजच तेल द्या, आणि गाडी सुरू करण्यापूर्वी ते मिटा. गाडी थांबेपर्यंत ते मिटलेले राहू द्या. पिंक, फोन आणि रामराम यांना पुढच्या मुक्कामापर्यंत धीर धरता येतो.